पवनेच्या खोऱ्यातले किल्ले आणि सातवीत शाळा सोडलेला मुलगा : गो. नी. दांडेकर



आज एका लेखकाची ओळख करून द्यायची आहे. पण सुरुवात आमच्या शाळेच्या सहलीपासून करते, कारण या लेखकाकडे मी त्या सहलीमुळेच पुन्हा वळले.

बेचाळीस वह्या, एकच निबंध

आमची सातवीची सहल लोहगडाला गेली होती. चिंचवडहून लोकलनं मळवली, तिथून भाजे गावातून चालत गड. मुलं खूश होती. एकामागोमाग एक दरवाजे आले, विंचूकाटा आला, डबे खाल्ले, फोटो काढले आणि संध्याकाळी घरी. दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे निबंध लिहायला सांगितला. बेचाळीस वह्या तपासल्या आणि मनातून हिरमुसले. सगळ्या वह्यांत एकच निबंध होता. गडाची उंची, चार दरवाजांची नावं, विंचूकाट्याची लांबी आणि शेवटी आपण गडकोट जपले पाहिजेत. हे सगळं मीच वर चढताना सांगितलेलं होतं. मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं त्यात काहीच नव्हतं. गडाखाली कोण राहतं, ती माणसं काय पिकवतात, पाणी कुठून आणतात, गडावर कशाला जातात, याबद्दल एका वहीत एक ओळ नव्हती.

दोष मुलांचा नव्हता. मीच त्यांना दगड दाखवले होते. त्या रात्री कपाटातून 'पवनाकाठचा धोंडी' काढलं. कॉलेजात असताना वाचलं होतं. या वेळी शिक्षिका म्हणून वाचलं आणि वाटलं, किल्ला कसा पाहायचा हे या माणसाकडून शिकायला हवं. तो माणूस म्हणजे गोपाळ नीलकंठ दांडेकर. आपण सगळे त्यांना गोनीदा म्हणतो, जवळची माणसं अप्पा म्हणत.

आधी खोरं, मग किल्ला

गोनीदांचं आयुष्य समजायला आधी ते ज्या मुलखात रमले तो मुलूख समजून घेऊ. नकाशा समोर ठेवा. लोणावळ्याच्या दक्षिणेला सह्याद्रीत पवना नदी उगम पावते. पूर्वेकडे वाहत ती चिंचवडला येते, मोरया गोसावींच्या समाधीजवळून पुढे जाते आणि दापोडीजवळ मुळेला मिळते. या नदीच्या वरच्या खोऱ्याला चार किल्ल्यांनी वेढलं आहे. उत्तरेच्या डोंगरधारेवर लोहगड आणि विसापूर ही जोडी आहे. या धारेच्या पलीकडे इंद्रायणीचं खोरं, अलीकडे पवनेचं. दक्षिणेच्या अंगाला तिकोना आणि तुंग. तिकोन्याचं दुसरं नाव वितंडगड, तुंगचं कठीणगड. तुंग लांबून पाहिला तर एखाद्या सुळक्यासारखा दिसतो. माथ्यावर तुंगाईचं छोटंसं देऊळ आहे.

हे किल्ले इथेच का? कारण कोकणातून देशावर येणारी वाट इथून जाते. कल्याण आणि चौलच्या बंदरांतला माल बोरघाटानं वर येत असे. भाज्याची लेणी इसवी सनाच्या आधीच्या दुसऱ्या शतकातली. बेडसे, कार्ले ही लेणीही जुन्या व्यापारी वाटांच्या आसपासचीच. म्हणजे शिवकाळाच्या कितीतरी आधीपासून या खोऱ्यातून माणसं, बैल आणि माल ये-जा करत होते. वाट आली की तिच्यावर नजर ठेवणारा डोंगर आला, आणि डोंगर आला की किल्ला.

शिवाजी महाराजांनी १६५७ च्या सुमारास हा भाग स्वराज्यात आणला. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगाच्या मोहिमेत मुघल फौजेनं पुरंदरला वेढा घातला, त्याच वेळी लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना या भागातली गावंही जाळली. हा मुद्दा मुलांना जरूर सांगा. किल्ला जिंकायचा तर आधी त्याच्या पायथ्याची वस्ती उठवायची, हे शत्रूला पक्कं माहीत होतं. किल्ल्याला धान्य, माणसं आणि बातमी खोऱ्यातून मिळत होती. पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले द्यावे लागले त्यांत हे चारही होते. १६७० मध्ये महाराजांनी गेलेले गड परत घ्यायला सुरुवात केली आणि हा मुलूखही पुन्हा स्वराज्यात आला. पुढे १८१८ मध्ये इंग्रजांनी हे किल्ले घेतले. तोफा थंडावल्या, शिबंदी पांगली. राहिली ती पायथ्याची माणसं.

बहुतेक पुस्तकांत किल्ल्याची गोष्ट १८१८ ला संपते. गोनीदांची गोष्ट तिथून सुरू होते.

घर सोडलेला मुलगा

गोनीदांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी विदर्भातल्या परतवाड्याला झाला. आजच्या अमरावती जिल्ह्यातलं हे गाव. म्हणजे मावळ, कोकण किंवा गडकोट हे काही त्यांच्या अंगणातलं नव्हतं. ते त्यांनी पायांनी मिळवलं.

तेरा वर्षांचे असताना, सातवीत, त्यांनी शाळा सोडली आणि घरही सोडलं. देशात स्वातंत्र्याची चळवळ पेटलेली होती आणि या पोराला त्यात उडी घ्यायची होती. आज आपल्या वर्गातल्या सातवीच्या मुलाकडे पाहा आणि कल्पना करा. खिशात काही नाही, पुढे कुठे जायचं माहीत नाही, आणि हा निघाला. आपण पालक असतो तर आपली काय अवस्था झाली असती? मी हे कौतुकानं सांगत नाही. त्या वाटेत उपासमार होती, अपमान होते, उघड्यावरच्या रात्री होत्या. पुढे त्यांनी 'स्मरणगाथा' लिहिली तेव्हा यातलं काही लपवलं नाही. स्वतःला थोर ठरवण्याच्या भानगडीतही ते पडले नाहीत. या पुस्तकाला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

भटकता भटकता ते गाडगे महाराजांच्या सहवासात आले. शिक्षकांनी इथे थोडं थांबावं असं मला वाटतं. गाडगेबाबांची शाळा कशी होती? गावात शिरायचं, खराटा हातात घ्यायचा, आधी रस्ता झाडायचा आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत त्यांच्याकडून उत्तरं काढून घ्यायची. फळा नाही, पुस्तक नाही. समोरच्या माणसाच्या भाषेत बोलायचं, त्याच्या चुलीपाशी बसायचं. गोनीदांनी पुढे आयुष्यभर हेच केलं. गावातल्या माणसाच्या जवळ जाऊन बसायची त्यांची सवय या काळात पक्की झाली असावी, असं मला त्यांची पुस्तकं वाचताना सतत वाटतं.

मग त्यांना अभ्यासाची ओढ लागली. शाळा सुटली होती, शिकणं सुटलं नव्हतं. संतवाङ्मय, ज्ञानेश्वरी, वेदान्त असं त्यांनी ठिकठिकाणी राहून, मिळेल त्या गुरूपाशी बसून वाचलं. औंधला पंडित सातवळेकरांकडे वैदिक ग्रंथांच्या कामातही ते काही काळ होते. नर्मदेची परिक्रमा केली. नर्मदेला उजव्या हाताला ठेवून तिच्या काठाकाठानं पायी चालायचं, मिळेल ते खायचं, मिळेल तिथे पडायचं. या अनुभवातून 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही कादंबरी आली.

म्हणजे पहा, नदीच्या काठानं चालत तिथल्या माणसांना ओळखायचं, हा धडा त्यांनी पवनेच्या आधी नर्मदेवर गिरवला होता.

लेखणीवर जगायचं ठरवलं

संघाचे प्रचारक म्हणूनही त्यांनी काही वर्षं काम केलं. १९४७ च्या सुमारास त्यांनी ठरवलं की आता लिहून जगायचं. लक्षात घ्या, पदवी नाही, नोकरी नाही, आणि मराठीत लिहून घर चालवणं हे तेव्हाही सोपं नव्हतं. त्यांनी तळेगाव दाभाडेला बिऱ्हाड केलं. सेनापती दाभाड्यांचं हे गाव. इंद्रायणी जवळ, पवनेचं खोरं डोंगराच्या पलीकडे, आणि लोणावळ्याकडे गेलं की राजमाची.

लिहायला त्यांनी किती विषय घेतले! कोकणावर 'शितू' आणि 'पडघवली'. संतांवर 'मोगरा फुलला', 'तुका आकाशाएवढा' आणि 'दास डोंगरी राहतो'. शिवकाळावर कादंबऱ्यांची मालिका. कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांवर 'जैत रे जैत', ज्यावर पुढे जब्बार पटेलांनी चित्रपट केला. त्यातली गाणी तर आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहेत. १९८१ मध्ये अकोल्याला झालेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ज्या विदर्भातून सातवीतला मुलगा पळाला होता, त्याच विदर्भात तो अध्यक्ष म्हणून परत गेला.

पण आपला विषय किल्ले, तेव्हा तिकडे वळू.

तुंगचा हवालदार आणि राजमाचीचा बुधा

'पवनाकाठचा धोंडी' ही गोष्ट आहे तुंगच्या पायथ्याची. धोंडीच्या घराण्यात तुंग किल्ल्याची हवालदारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. आता किल्ल्यावर ना शिबंदी ना तोफा. राज्यं गेली, सरकारं बदलली. पण गावात हवालदाराचा मान आहे, आणि त्या मानाबरोबर येणारी जबाबदारी धोंडी खरी मानतो. गोष्टीत लढाई नाही. शेत आहे, भाऊ आहे, घरातले रुसवेफुगवे आहेत, पाऊस आहे, आणि या सगळ्यावर तुंगची सावली आहे. मुलांना वाचून दाखवाल तर एक गोष्ट त्यांच्या लगेच ध्यानात येईल. या पुस्तकात किल्ल्याचं वर्णन वेगळं काढून दिलेलं नाही. माणसं जशी डोंगराकडे सहज नजर टाकतात, तसा किल्ला अधूनमधून येतो.

'माचीवरला बुधा' मध्ये लेखक आपल्याला उत्तरेला, राजमाचीवर नेतो. श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले, मधे माची, आणि खाली उल्हास नदीचं खोल खोरं. लोणावळ्याहून १५-१६ किलोमीटरची पायपीट करून तिथे पोचता येतं. बुधानं सारं आयुष्य मुंबईत काढलेलं असतं. म्हातारपणी तो आपल्या माचीवर परत येतो आणि झाडं, पाखरं, जनावरं यांच्या सोबतीनं एकटा राहतो. बस, एवढीच गोष्ट. पण वाचून झाल्यावर राजमाचीवर गेलात तर तिथली झाडं निव्वळ झाडं राहत नाहीत.

रायगडाच्या परिसरावर 'रानभुली', राजगडाच्या परिसरावर 'वाघरू'. या सगळ्यांना मिळून वाचक दुर्गकादंबऱ्या म्हणतात. यातल्या एकीतही राजा किंवा सरदार मुख्य पात्र नाही. गोनीदांनी नायक केले ते गडाच्या घेऱ्यातले साधे लोक. गवत कापणारे, गुरं राखणारे, ताक-भाकरी देणारे. आपण सहलीला गेलो की ज्यांच्याकडून लिंबूसरबत घेतो आणि ज्यांचं नावही विचारत नाही, ते.

एकाच गडावर पुन्हा पुन्हा

आज किल्ले किती झाले याची मोजदाद ठेवायची पद्धत आहे. शंभर झाले, दोनशे झाले. गोनीदांची रीत निराळी. तेही शेकडो वेळा डोंगरात गेले, पण आवडत्या गडांवर ते पुन्हा पुन्हा जात. राजगड, तोरणा, रायगड, राजमाची. पावसात वेगळा, थंडीत वेगळा, चांदण्यात वेगळा. गावातल्या ओळखीच्या घरी उतरायचं, त्यांच्या ताटात जेवायचं, रात्री गप्पा मारायच्या. कॅमेरा बरोबर असे. त्यांनी काढलेली गडांची छायाचित्रं हाही एक मोठा ठेवा आहे. 'दुर्गदर्शन' आणि 'दुर्गभ्रमणगाथा' ही पुस्तकं याच भटकंतीतून आली.

ते एकटेही जात आणि तरुणांना घेऊनही जात. डोंगरात जायचं कसं, बसायचं कुठे, बोलायचं कुणाशी, गप्प कधी राहायचं, हे त्यांच्याबरोबर चालता चालता अनेकांनी शिकून घेतलं. महाराष्ट्रात आज गडांवर जाणाऱ्यांची जी मोठी परंपरा आहे, तिच्या सुरुवातीच्या वाटाड्यांत गोनीदांचं नाव घ्यावंच लागतं. सातवीत शाळा सोडलेला माणूस असा कितीतरी जणांचा शिक्षक झाला.

१ जून १९९८ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांच्या कन्या वीणा देव आणि जावई विजय देव यांनी घरच्यांना बरोबर घेऊन त्यांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन गावोगाव केलं. पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवणं हीसुद्धा एक कला आहे, हे आपण शिक्षकांनी त्यांच्याकडून घ्यावं.

जे पाण्याखाली गेलं

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

गोनीदांनी 'पवनाकाठचा धोंडी' लिहिलं तेव्हा पवना धरण नव्हतं. पुढे धरण झालं. आज तुंगवर उभं राहिलात तर खाली निळंशार पाणी दिसतं, फोटो फार सुंदर येतो. पण ते पाणी ज्या जागेवर आहे तिथे गावं होती, भातखाचरं होती, देवळं होती, वाटा होत्या. धोंडीसारखी माणसं ज्या वाटांनी चालत होती त्यांतल्या कित्येक आता पाण्याखाली आहेत. त्या गावांतली माणसं उठून दुसरीकडे गेली. ज्या खोऱ्याच्या जिवावर किल्ले उभे होते, त्या खोऱ्याचा तळच गेला. मावळी बोली, तिथली शेती, तिथले मान-पान, यातलं बरंचसं आता फक्त या कादंबरीत आणि काही म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत उरलं आहे.

आणि हे पाणी जातं कुठे? पिंपरी-चिंचवडला. आमच्या शाळेच्या नळाला हेच पाणी येतं. माझी मुलं लोहगडावर जाऊन आली, रोज त्या खोऱ्याचं पाणी पितात, आणि त्यांना त्या खोऱ्यातलं एक गाव माहीत नव्हतं. मलाही दोन-तीनच माहीत होती.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गोनीदा धरणांच्या विरोधातले लेखक नव्हते. भाक्रा-नांगल धरण बांधणाऱ्यांवर त्यांनी 'आम्ही भगीरथाचे पुत्र' ही कादंबरी लिहिली, आणि त्यात त्या कामाबद्दल आदरच आहे. नदी अडवणारा मजूरही त्यांना दिसला आणि नदीकाठचा हवालदारही. तहानलेल्या शहराला पाणी लागतं हे खरं आणि त्यासाठी कुणाचं तरी अंगण बुडतं हेही खरं. मुलांना दोन्ही बाजू सांगाव्यात. एकच बाजू सांगितली तर आपण शिकवलं कमी आणि पढवलं जास्त असं होईल.

वाचताना थोडं सावध

दोन गोष्टी शिक्षक म्हणून सांगते.

पहिली, कादंबरी म्हणजे इतिहासाचा पुरावा नव्हे. गोनीदांचं गडांवर अतोनात प्रेम होतं आणि प्रेमानं लिहिलेल्या पुस्तकात रंग गडद होतात. सनावळी, तह, वेढे यांसाठी इतिहासाची पुस्तकंच घ्या. गोनीदांकडून घ्यायची ती नजर. कुठे पाहायचं आणि कुणाला विचारायचं, ते.

दुसरी, गोनीदा गडांवर सापडलेल्या जुन्या वस्तू आवडीनं जमवत. तो काळ वेगळा होता. आपल्या मुलांना मात्र उलट सांगायचं. गडावर खापराचा तुकडा, नाणं, बाणाचं टोक काहीही दिसलं तरी उचलायचं नाही. फोटो काढायचा, जागा लिहून ठेवायची आणि पुरातत्त्व खात्याला कळवायचं. वस्तू जागेवरून हलली की तिची निम्मी माहिती संपते.

दुसरी सहल

परीक्षा संपल्यावर एप्रिलच्या शेवटी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी अख्खा वर्ग नाही, आठ मुलं आणि चार पालक. कामशेतहून काले कॉलनीमार्गे तिकोना पेठ. ऊन चढायच्या आत, सकाळी सातला गड चढायला लागलो. निघायच्या आधी आठवडाभर मी रोज दहा मिनिटं 'पवनाकाठचा धोंडी' वाचून दाखवलं होतं. वर चढताना मी काही बोलायचं नाही, असं स्वतःला बजावलं होतं. फार अवघड गेलं हो! शिक्षकाला गप्प राहणं म्हणजे शिक्षाच.

माथ्यावरून समोर तुंग दिसला आणि एका मुलानं तो न सांगता ओळखला. तिथून लोहगड आणि विसापूरही दिसतात. चारही किल्ले एका नजरेत आल्यावर मुलांना आपोआप समजलं की हे सुटे सुटे नाहीत, एका खोऱ्याभोवती बसलेले आहेत. लोहगडावर मी पाऊण तास घसा फोडून हेच सांगत होते, तेव्हा कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

खाली उतरल्यावर पेठेत एका घराच्या ओसरीवर टेकलो. घरातल्या आजींनी पाणी दिलं. मुलांनी त्यांना विचारलं की त्यांचं माहेर कुठलं. आजी ओसरीवरून उठल्या, आम्हाला कोपऱ्यापर्यंत घेऊन आल्या आणि धरणाच्या पाण्याकडे हात करून दाखवायला लागल्या. अमुक झाडाच्या पलीकडे घर होतं, तिथून खाली खाचरं, तिथे देऊळ. आम्हाला तिथे फक्त पाणी दिसत होतं. त्यांना गाव दिसत होतं. मुलं इतकी शांत झालेली मी वर्गात कधी पाहिली नाहीत. दुपारनंतर आम्ही वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ पाहायला गेलो. पावसाळ्यात ते धरणाच्या पाण्यात असतं आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की उघडं पडतं. आजींच्या बोलण्यावर मुलांचा विश्वास होताच, पण देवळाच्या दगडावर हात ठेवल्यावर तो पक्का झाला.

या वेळी निबंध लिहायला सांगितला नाही. तरी आठपैकी सहा मुलांनी आपणहून लिहून आणलं, आणि सहाही वेगवेगळे होते. एकीनं तर गडाबद्दल काहीच लिहिलं नव्हतं. फक्त आजींच्या गावाचा नकाशा काढला होता, आजींनी सांगितला तसा. घर, खाचरं, देऊळ, झाड. नदी निळ्या रंगानं, बारीकशी. धरण त्यात नव्हतंच. मी तो वर्गात लावून ठेवला आहे.

वर्गात करून पाहा

तुमच्या जवळचा किल्ला पवनेच्या खोऱ्यातला नसेल. पण महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी जवळपास एखादी नदी आणि तिच्यावर नजर ठेवणारा एखादा गड असतोच. तेव्हा एवढं करून पाहा.

१. जायच्या आधी गडाचा नाही, खोऱ्याचा नकाशा काढून घ्या. नदी कुठून येते, वाट कुठून येते, मग गड तिथेच का, हे मुलांना शोधू द्या.

२. त्या परिसरावरची एखादी कादंबरी किंवा आठवणी रोज थोड्या वाचून दाखवा. पूर्ण झाल्या नाहीत तरी चालेल.

३. वर चढताना माहिती सांगू नका. प्रत्येकानं एक प्रश्न घेऊन खाली यायचं, एवढंच ठरवा.

४. पायथ्याच्या गावात निदान एक तास ठेवा. जेवण तिथेच सांगा. मुलांनी एका वडीलधाऱ्या माणसाशी बोलायचं, नाव विचारायचं, आपलं नाव सांगायचं.

५. जमलं तर त्याच गडावर दुसऱ्या ऋतूत पुन्हा जा. पावसाळ्यात निसरड्या वाटा आणि कडे टाळा, मुलांची सुरक्षितता आधी.

पालकांनाही एक विनंती. सुट्टीत पाच किल्ले करण्यापेक्षा एक किल्ला नीट करा.

२०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्ये म्हणून १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात आपला लोहगड आहे. आनंदाची गोष्ट आहे. आता पाट्या लागतील, पायऱ्या नीट होतील, गर्दीही वाढेल. दगडांची काळजी घ्यायला खातं आहे, कायदा आहे. पण ओसरीवरच्या त्या आजींना जे ठाऊक आहे ते कुठल्याच यादीत नाही. त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत. गोनीदांनी अशी माणसं वेळेवर गाठली, म्हणून धोंडी आणि बुधा आपल्यापर्यंत आले. आपल्या मुलांनाही गाठू द्या. थोडी घाई करा.